घरचा मीडिया सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर : प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

काम कशासाठी काढलंय ते आधी लिहून ठेवते.

सध्या जेलीफिन, म्हणजे घरातल्या टीव्ही-फोनांना चित्रण पुरवणारा मीडिया सर्व्हरचा प्रोग्राम, एका जुन्या डेस्कटॉपवर चालतं. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय५, त्यावर थेट उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली. या उबुंटूचा नेहमीचा सपोर्ट मे महिन्यात संपला. शिवाय चौथ्या पिढीच्या प्रोसेसरातलं ग्राफिक्स व्हिडिओ दाबून साठवायची एच.२६४ ही जुनी पद्धत हाताळतं, पण एचईव्हीसी ही नवी पद्धत त्याच्या आवाक्यात नाही. हल्ली घरातले सगळे फोन एचईव्हीसीत रेकॉर्ड करतात. जुन्या टीव्हीला ते झेपत नाही, मग सर्व्हरला ते बदलून पाठवावं लागतं आणि त्यात प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो. चित्र अडखळतं.

सर्व्हरवर सिनेमे थोडेच आहेत. बाकी सगळं घरचं: लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस टेपा, गावच्या जत्रेचं चित्रण आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या ऑडिओ कॅसेट. सिनेमा गेला तर पुन्हा मिळेल. आजीचा आवाज दुसरीकडे कुठंही नाही, आणि तो ज्या कॅसेटवर होता त्यांची फीत आता चिकटायला लागली आहे. त्यामुळे हे काम सावकाश करायचं, एकेक पायरी तपासून.

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे यंत्राच्या आत सॉफ्टवेअरनं उभं केलेलं दुसरं यंत्र, एवढ्याचसाठी, की यापुढे यंत्र बदललं तरी सर्व्हर नव्यानं मांडायला लागू नये. लोखंडावर थेट बसवलेली सिस्टीम त्या लोखंडाला चिकटते: ड्रायव्हर, नेटवर्क कार्डाचं नाव, डिस्कचा क्रम, सगळं. व्हीएम मात्र बॅकअपच्या एका फाइलीत मावते आणि दुसऱ्या यंत्रावर उतरवता येते. आणि मूळ रेकॉर्डिंग त्या व्हीएमच्या पोटात ठेवायची नाहीत. सर्व्हर वेगळा, ठेवा वेगळा. सगळी आखणी या एका गोष्टीभोवती आहे.

मुदत: २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. साताऱ्याच्या घरी सगळे जमतात आणि रात्री जुन्या टेपा लागतातच.

१२ जुलै, शनिवार

यंत्र आलं. सेकंडहँड, कंपनीतून निघालेला छोटा डेस्कटॉप. आठव्या पिढीचा आय५-८५००, सहा कोर, ग्राफिक्स यूएचडी ६३०. हे ग्राफिक्स दहा बिटांचं एचईव्हीसीसुद्धा हार्डवेअरमध्ये उलगडतं, म्हणून मुद्दाम सातव्या पिढीच्या खालचं काही घेतलं नाही. रॅम १६ जीबी. सिस्टीमसाठी एनव्हीएमई ही वेगवान डिस्क, रेकॉर्डिंगसाठी ४ टीबीची नवी साडेतीन इंची डिस्क, बॅकअपसाठी तेवढीच यूएसबीवरची बाहेरची.

बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी या प्रोसेसरच्या दोन्ही सोयी चालू केल्या. पहिल्याशिवाय व्हीएम धड चालत नाही. दुसऱ्याशिवाय ग्राफिक्ससारखं उपकरण व्हीएमच्या ताब्यात देता येत नाही. जुनं यंत्र घेताना हे दुसरं आहे का, ते विकणाऱ्याकडून आधी बघून घ्यावं. पुष्कळदा पर्याय मेनूत खोल कुठंतरी बंद करून ठेवलेला असतो.

व्हीएम चालवण्यासाठी प्रॉक्समॉक्स ८.४ ही प्रणाली बसवली. ते डेबियन १२ या लिनक्सवर उभं आहे, आत व्हीएम चालवणारं केव्हीएम, आणि कारभार ब्राउझरमधून.

१३ जुलै, रविवार

दिवसभर एकाच प्रश्नावर: एलएक्ससी कंटेनर की पूर्ण व्हीएम?

कंटेनरच्या बाजूनं बरंच बोलता येतं. तो यजमान यंत्राचंच (ज्यावर प्रॉक्समॉक्स आहे त्याचंच) कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वापरतो म्हणून हलका. ग्राफिक्सही एकाच वेळी अनेक कंटेनरांना वापरता येतं. व्हीएमला ग्राफिक्स दिलं की ते तिचंच झालं, यजमानाच्या मॉनिटरवरही मग काही दिसत नाही. फक्त जेलीफिन चालवायचं असेल आणि यंत्र पुढची दहा वर्षं तेच राहणार असेल, तर मी स्वतः कंटेनर घेण्याचाच सल्ला देईन.

तरी व्हीएमच घेतेय. एक तर तिचं कर्नल तिचं स्वतःचं. प्रॉक्समॉक्सचं कर्नल अपडेट झालं म्हणून आतल्या ड्रायव्हरचं काही बिघडणार नाही. दुसरं, सर्व्हर बाहेरून पाहता येईल असा ठेवायचा आहे. दादा पुण्याहून वायरगार्ड या व्हीपीएननं जोडतो. बाहेरून पोचता येणारी वस्तू आणि आजीच्या कॅसेटची डिस्क यांच्यामध्ये भिंत जितकी जाड तितकी बरी.

१९ जुलै, शनिवार

डिस्कचं काय करायचं यावर निर्णय.

अख्खी डिस्क व्हीएमला देऊन टाकणं सोपं वाटतं, एका आज्ञेचं काम. पण मग व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे मागं परतता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घेता येत नाही. बॅकअपमधून ती डिस्क आठवणीनं वगळावी लागते, नाहीतर रात्री चार टीबी कोंबायचा प्रयत्न होईल. आणि व्हीएमच्या आतून डिस्कची तब्येत, म्हणजे स्मार्टची माहिती, दिसत नाही.

म्हणून डिस्क यजमानाकडेच राहील. फाइली मांडायची पद्धत एक्सटी४, साधी. झेडएफएस या दुसऱ्या पद्धतीचा मोह होता, पण एकट्या डिस्कवर ते बिघाड दाखवू शकतं, सुधारू शकत नाही. बिघाड कळण्यापुरती एसएचए२५६ बेरजांची (फाइलीच्या आशयावरून निघणाऱ्या ठशांची) यादी माझ्याकडे असणारच आहे. ही डिस्क व्हीएमला व्हर्टआयओ-एफएस या मार्गानं दाखवायची. प्रॉक्समॉक्समध्ये ही सोय ८.४ मध्येच आली: डेटासेंटरखाली फोल्डरला नाव द्यायचं, मग व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये ते जोडायचं, आणि आत त्याच नावानं माउंट करायचं. मेमरीसकट स्नॅपशॉट यात होत नाही. मला तो लागत नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की आत मी ते फक्त वाचण्यापुरतं माउंट करणार. जेलीफिनमधून कुणी चुकून 'डिलीट' दाबलं तरी मूळ फाइलीला धक्का लागणार नाही. पोस्टर, माहिती, लघुचित्रं हे सगळं जेलीफिन स्वतःच्या फोल्डरात ठेवतं, त्याला रेकॉर्डिंगच्या फोल्डरात लिहायची गरज नाही.

एक तोटा आहे. यजमानाच्या बाजूनं नवी फाइल टाकली तर व्हीएमला त्याची वर्दी मिळत नाही. म्हणून 'फोल्डरवर लक्ष ठेवा' हा पर्याय बंद, आणि रोज पहाटे एकदा संपूर्ण धांडोळा.

२० जुलै, रविवार

जुन्या यंत्रावर प्रत्येक फाइलीची एसएचए२५६ बेरीज काढून यादी केली आणि मग आरसिंक या प्रोग्रामनं नक्कल सुरू केली. ऐवज २.६ टीबीचा. घरचं नेटवर्क गिगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण ११० एमबी, म्हणजे साधारण सात तासांचं काम.

तासाभरानं नवं यंत्र नेटवर्कवरून गायब. पिंग नाही, ब्राउझर नाही. मॉनिटर लावला तर यंत्र जिवंत, आणि लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: नेटवर्क कार्डाचं हार्डवेअर अडकलंय. मदरबोर्डवरच्या चिपचा ड्रायव्हर मोठ्या, सलग वाहतुकीत असा अडकतो. पॅकेटं तोडायचं-जोडायचं काम कार्डावर सोपवलेलं असतं, ते काढून घ्यायचं. इथटूल या आज्ञेनं त्यासाठीच्या टीएसओ आणि जीएसओ या दोन्ही सोयी बंद केल्या, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही ते टिकावं म्हणून नेटवर्कच्या फाइलीत तीच ओळ जोडली. प्रोसेसरवर थोडा भार वाढतो, सहा कोरांना तो जाणवतही नाही.

आरसिंक अडलं तिथून पुढं चालू. पावसानं दुपारी वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरनं सांभाळलं. यूपीएसची यूएसबी तार यजमानाला जोडून वीज गेल्यावर यंत्र नीट बंद करणारा नट हा प्रोग्राम बसवायचं काम यादीत वर घेतलं.

२१ जुलै, सोमवार

नक्कल पूर्ण. नव्या डिस्कवर बेरजा पडताळल्या, एकही फरक नाही. इथून पुढं जुन्या यंत्रावर नवीन काही टाकायचं नाही, असं घरात सांगितलं.

२६ जुलै, शनिवार

आजचा दिवस 'ऱ्या'चा.

मामेभावानं काही टेपा त्याच्या जुन्या मॅकवर डिजिटल करून दिल्या होत्या. त्यातल्या काही फाइली जुन्या प्लेलिस्टमधून लागतच नव्हत्या. 'नवऱ्याकडची मंडळी', 'साताऱ्याचं घर', 'शेजाऱ्यांची मुंज'. प्लेलिस्टमध्ये तेच नाव, फोल्डरमध्येही तेच, डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. तरी फाइल सापडत नाही म्हणे.

नावं बाइट-बाइट उघडून पाहिली तेव्हा उलगडलं. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक तर अखंड अक्षर, किंवा साधा 'र' आणि त्यापुढं नुक्ता. अर्थ एक, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस-प्लस पद्धत फाइलींची नावं साठवताना अक्षरं फोडूनच ठेवते. लिनक्स नावाला हात लावत नाही, जसं आलं तसं ठेवतं. प्लेलिस्ट मी विंडोजवर टाइप केलेली, त्यात 'ऱ' अखंड. त्यामुळे ज्या नावांत 'ऱ्या', 'ऱ्यां' होतं तेवढीच अडली, बाकीची व्यवस्थित. इंग्रजी नावं ठेवणाऱ्याला हा प्रश्न कधी भेटणारच नाही. मराठी नावं ठेवणाऱ्यानं मात्र हे माहीत करून घ्यायलाच हवं.

उपाय कॉन्वएमव्ही, फाइलींची नावं बदलणारा प्रोग्राम. यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच, पण एनएफसी, म्हणजे अखंड अक्षरांच्या, रूपात. हा प्रोग्राम आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतो, 'नोटेस्ट' म्हटल्याशिवाय प्रत्यक्ष हात लावत नाही. ही सवय फार चांगली. यादी वाचली, मग चालवला. नावं बदललेल्या फाइलींच्या बेरजांची यादीही नव्या नावांनी करून घेतली. आशय तोच, बेरजा त्याच.

त्याच भावाच्या बाहेरच्या डिस्कवरून आणखी फाइली घेताना दुसरी गंमत कळली. त्याची डिस्क एक्सफॅट, त्यात नाव २५५ अक्षरांपर्यंत जातं. एक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटांची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. त्यानं प्रेमानं 'कोण कोण दिसतंय' ते सगळं फाइलीच्या नावातच लिहिलं होतं. ती माहिती घालवायची नव्हती. नावं आखूड केली आणि माणसांची यादी जेलीफिनमधल्या वर्णनात टाकली, आता तिथं शोधताही येते.

२७ जुलै, रविवार

व्हीएम उभी केली. क्यू३५ प्रकार, प्रोसेसर 'होस्ट', चार कोर, सिस्टीमची डिस्क ३२ जीबी, नेटवर्क व्हर्टआयओ. मेमरी ६ जीबी, ठाम. ग्राफिक्ससारखं पीसीआय उपकरण दिलं की व्हीएमची सगळी मेमरी सुरुवातीलाच अडकवून ठेवली जाते, त्यामुळे कमी-जास्त होणाऱ्या मेमरीचा पर्याय ठेवण्यात अर्थ नाही.

आत डेबियन १२, नेहमीच्या इन्स्टॉलरनं. तयार क्लाउड प्रतिमा मुद्दाम टाळली: तिच्यातलं हलकं कर्नल ग्राफिक्सच्या ड्रायव्हरशिवाय येतं. वेळ आशिया/कोलकाता.

ग्राफिक्स द्यायचं काम वाटलं होतं त्यापेक्षा शांतपणे झालं. उपकरण व्हीएमला द्यायला लागणारं आयओएमएमयू नव्या कर्नलमध्ये आपोआप चालू असतं. ग्राफिक्सचा पत्ता ००:०२.०, गटात एकटंच. यजमानावर ग्राफिक्सचा आय९१५ ड्रायव्हर बंद केला, उपकरण ते व्हीएमकडे सोपवणाऱ्या व्हीएफआयओच्या स्वाधीन केलं, यंत्र सुरू होताना लागणारी इनिटरॅमएफएस फाइल नव्यानं बांधून यंत्र पुन्हा सुरू केलं. मॉनिटर काळा झाला, म्हणजे बरोबर झालं. व्हीएमच्या डिस्प्लेची जागा मी साध्या व्हीजीएवरच ठेवली, म्हणजे ब्राउझरमधला कन्सोल चालू राहतो आणि व्हीएमच्या आत रेंडर नोड म्हणून फक्त खरं ग्राफिक्स दिसतं.

२ ऑगस्ट, शनिवार

जेलीफिनचं स्थलांतर. याचे नियम तीनच. दोन्हीकडे जेलीफिनची आवृत्ती तीच हवी. जुन्या बाजूला सेवा थांबवूनच डेटा उचलायचा, कारण माहिती एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलींत असते आणि चालू असताना उचलली तर अर्धवट हाती येते. आणि रेकॉर्डिंगचा पत्ता नव्या यंत्रावर अक्षरशः तोच ठेवायचा. जेलीफिन प्रत्येक फाइल तिच्या पत्त्यावरून ओळखतं. पत्ता बदलला तर तीच फाइल त्याच्या लेखी नवी.

व्हार-लिबमधला जेलीफिनचा फोल्डर आणि ईटीसीमधला सेटिंगचा, दोन्ही नेले, मालकी जेलीफिन वापरकर्त्याच्या नावे केली. राउटरमध्ये जुन्या यंत्राचा राखीव आयपी आता व्हीएमच्या नावे. पोर्ट तेच ८०९६. सेवा सुरू केली आणि आईच्या टॅबवर काहीही न बदलता तिचं सगळं जिथल्या तिथं, काल कुठं थांबली होती ते सुद्धा. नावं बदललेल्या टेपा तेवढ्या 'न पाहिलेल्या' दिसताहेत, ते अपेक्षितच होतं.

३ ऑगस्ट, रविवार

जेलीफिन वापरकर्त्याला 'रेंडर' गटात घातलं, हार्डवेअर प्रवेगात इंटेलचं क्विक सिंक निवडलं. जेलीफिनसोबत येणाऱ्या, चित्रणाचं रूप बदलणाऱ्या एफएफएमपेगमध्ये इंटेलचा आयएचडी ड्रायव्हर असतोच, वेगळा बसवावा लागला नाही.

चाचणीला भाचीच्या वाढदिवसाचं फोनवरचं चित्रण, फोरके, एचईव्हीसी. जुन्या टीव्हीवर लावलं. ग्राफिक्सचा भार दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'व्हिडिओ' इंजिन हललं, प्रोसेसर जवळजवळ स्वस्थ. चित्र एकदाही अडखळलं नाही.

मग व्हीएचएस. आपल्याकडच्या टेपा पाल पद्धतीच्या: ५७६ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं, सम ओळी वेगळ्या आणि विषम वेगळ्या. ट्यूबच्या टीव्हीवर हे छान दिसायचं. आजच्या पडद्यावर हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडांना आडवे दाते येतात. माझी कसोटीची टेप म्हणजे १९९४ च्या लग्नातलं लेझीम. त्यात हातांच्या जागी नुसत्या रेघा दिसायच्या. डीइंटरलेसिंगमध्ये 'दुप्पट दर' हा पर्याय दिला, म्हणजे २५ ऐवजी सेकंदाला ५० चित्रं बनतात आणि मूळची हालचाल पूर्ण मिळते. आता लेझीम प्रत्येक झटक्याला स्वच्छ उघडतं, मिटतं. मूळ फाइल मी इंटरलेस्डच ठेवणार आहे. एकदा दाते काढून साठवलं की मूळ परत मिळत नाही, आणि हे काम करणारे प्रोग्राम वर्षागणिक सुधारताहेत.

६ ऑगस्ट, बुधवार

प्रॉक्समॉक्स ९.० काल आलं, डेबियन १३ वर. आत्ता नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आत्याचा फोन. "अगं, ओव्यांची अक्षरं कुठं गेली? नुसते चौकोन दिसतायत."

ओव्यांच्या कॅसेटवर खरखर फार. जात्याच्या घरघरीखाली आजीचे शब्द बुडतात. म्हणून प्रत्येक कॅसेटवर एक स्थिर फोटो लावून व्हिडिओ केला आणि शब्द सबटायटल म्हणून लिहिले. आत्या हयात आहे म्हणून ते लिहिता आले. अनेक ओव्या फक्त तिलाच ऐकू येतात. टॅबवर सबटायटल टॅब स्वतः काढतो. आत्याच्या टीव्हीला ते जमत नाही, तिथं सर्व्हर अक्षरं चित्रावर कोरून पाठवतो, आणि त्यासाठी सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट लागतो. जुन्या यंत्रावर डेस्कटॉपसकट उबुंटू होतं, फॉन्ट त्याच्यासोबतच आले होते. डेबियनच्या किमान मांडणीत ते नसतात.

नोटो आणि लोहित देवनागरी, दोन्ही पॅकेजं टाकली, फॉन्टची यादी ताजी केली, जेलीफिन पुन्हा सुरू. एका चाचणीच्या फाइलीत मुद्दाम अवघड जोडाक्षरं घालून पाहिली: ज्ञ, क्ष, त्र्य, द्ध, ऱ्ह. सगळी नीट जुळतात. मग आत्याला फोन करून तिच्यासमोरच लावलं. "पहिली माझी ओवी" पासून पुढं सगळं दिसतंय म्हणाली, आणि चौथ्या ओळीत 'माहेर' च्या जागी 'माहेरा' हवं, असंही. दुरुस्त केलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बॅकअप. रोज पहाटे तीनला व्हीएम नीट बंद करून तिचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, झेडस्टँडर्डनं दाबून. रेकॉर्डिंगची डिस्क त्यात येत नाही, तिची वेगळी नक्कल आरसिंकनं त्याच बाहेरच्या डिस्कवर. शिवाय तिसरी प्रत पुण्याला दादाकडे, तो गणपतीला येईल तेव्हा डिस्क देईन.

बॅकअप परत उतरवून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही. म्हणून नव्या क्रमांकाची व्हीएम म्हणून तो उतरवला. सुरू करण्याआधी तिचं ग्राफिक्स काढलं, नेटवर्कची तार सोडवली, नाहीतर एकाच आयपीवर दोघी भांडल्या असत्या. सुरू झाली, जेलीफिन उठलं, वापरकर्ते आणि याद्या सगळं आत. हेच हवं होतं. उद्या हे यंत्र जळालं तर दुसऱ्या यंत्रावर प्रॉक्समॉक्स टाकून ही फाइल उतरवायची, रेकॉर्डिंगची डिस्क जोडून तेच नाव द्यायचं, झालं. चाचणीची व्हीएम पुसली.

१७ ऑगस्ट, रविवार

यूपीएस आणि नट. बॅटरी उतरली की आधी व्हीएम, मग यजमान. व्हीएममध्ये क्यूईएमयूचा एजंट, म्हणजे यजमानाशी बोलणारा छोटा प्रोग्राम, बसवलाय, त्यामुळे बंद होण्याचा निरोप आत व्यवस्थित पोचतो. भिंतीवरचं बटण बंद करून पाहिलं. क्रम बरोबर.

२३ ऑगस्ट, शनिवार

सगळ्या बेरजा पुन्हा पडताळल्या. स्वच्छ. 'गणपती २०२५' नावाची रिकामी लायब्ररी करून ठेवली, यंदाचे फोटो-चित्रण थेट त्यात.

उरलेलं: प्रॉक्समॉक्स ९ गणपतीनंतर, आधी त्यांची तपासणीची स्क्रिप्ट चालवून. ओव्यांच्या शेवटच्या दोन कॅसेटचे शब्द आत्यासोबत बसून लिहायचे, ती इथं आहे तोवरच. जुनं यंत्र दिवाळीपर्यंत तसंच, तार काढून, डिस्कला हात न लावता.